डिजिटल घेतलेले गेम कायमचे आपलेच राहतात ना?

तुम्ही विचारलंय की गेम खेळायचा नवा कन्सोल डिस्क ड्राइव्हवाला घ्यावा की बिनड्राइव्हचा, आणि डिजिटल घेतलेले गेम कायमचे आपलेच राहतात ना. पहिल्याचं उत्तर एका ओळीत देते: ड्राइव्हवाला घ्या. दुसऱ्या प्रश्नातला तो शेवटचा 'ना' वाचून मात्र राहवलं नाही, म्हणून एवढं लिहायला बसले. नऊ वर्षं मीही तसंच धरून चालले होते.

नाही राहत. मुळात ते आपले झालेलेच नसतात.

माझ्या खात्यात १४३ गेम होते. नऊ वर्षांत एकेक करून घेतलेले, बरेचसे सेलची वाट बघून. कंपनीचं नाव घेत नाही. तसल्या अटी बहुतेक सगळ्याच दुकानांच्या आहेत. झालं असं की एका गेमचे पैसे कार्डावरून दोनदा कापले गेले. गेम एक, पावत्या दोन. ग्राहकसेवेला लिहिलं. ठरावीक साच्यातलं उत्तर आलं, तक्रार क्रमांक आला आणि आठवड्याभराने तीच तक्रार निकाली काढली म्हणून कळवण्यात आलं. पैसे काही आले नव्हते. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. तीन आठवडे वाट पाहून शेवटी मी बँकेत तक्रार केली की यातला दुसरा व्यवहार मला मान्य नाही. बँकेने दोन्ही पावत्या पाहिल्या आणि पैसे परत मिळवून दिले. दोन दिवसांनी कन्सोल लावला तर लॉगिनच होईना. ईमेल उघडली: बँकेमार्फत रक्कम परत घेतल्याने अटींचा भंग झाला आहे, खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. भांडण एका गेमच्या पैशांचं, गेले १४३.

ती रक्कम पुन्हा भरते म्हटलं, तर उत्तर आलं की निर्णय अंतिम आहे. मी कुणाशी बोलतेय, निर्णय कुणी घेतला, दाद कुठे मागायची, यातलं काहीच शेवटपर्यंत कळलं नाही.

गेमचं एक वेळ सोडा, ते पुन्हा घेता येतात. त्या खात्याच्या क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, माझ्या भाचीचं शहर होतं. दादाची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. दर रविवारी ती माझ्याकडे यायची आणि आम्ही दोघी शहर वसवायच्या एका गेममध्ये तिचं गाव वाढवायचो. सुरुवातीची वस्ती आम्ही जुन्या कन्सोलवर केली होती. मी नवा घेतला तेव्हा जुना दादाकडे दिला आणि पुढचं सगळं शहर नव्यावर वाढलं. मधून नदी वाहायची. पलीकडच्या काठावर चार घरं झाली तशी तिने तिथे वेगळी शाळा काढायला लावली, का तर मुलांना नदी ओलांडावी लागू नये. वाहतूक तुंबायला लागली म्हणून मी म्हटलं, ही दहा घरं पाडून रस्ता रुंद करू. ती म्हणाली, मग त्या घरातली माणसं कुठे जातील? मग आम्ही तो रस्ता टेकडीला वळसा घालून नेला. त्यापायी शहराची तिजोरी रिकामी झाली आणि ती भरायला पुढचे तीन रविवार गेले. असं दोन वर्षांचं काम. ते एका ईमेलने गेलं. तिला कसं सांगायचं हे मला दोन दिवस सुचलं नाही.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "अटी वाचल्या होत्यास का? 'मान्य आहे'वर बोट तूच ठेवलंस ना?" आणि वर, "बसचं तिकीट काढलं म्हणून बस आपली होते का?"

हे वाक्य मला फार लागलं. त्या वेळी उत्तर सुचलं नाही, आता आहे. तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने ते त्यालाही देऊन टाकते.

तिकिटावर लिहिलेलं असतं की कुठून कुठपर्यंत आणि कधी. मी जे बटण दाबलं त्यावर 'विकत घ्या' असं लिहिलं होतं. पावतीवर 'खरेदी' असं होतं. 'आम्ही ठेवू तोवर वापरा' असं त्या पडद्यावर कुठेही नव्हतं. ते होतं पन्नासेक पडदे खाली सरकवल्यावर येणाऱ्या मजकुरात. दुकानाच्या पाटीवर विक्री लिहायची आणि आतल्या खोलीतल्या कागदावर भाडं लिहायचं, याला मी फसवणूक म्हणते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याला ते पटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला: डिजिटल वस्तू परवान्यावर (म्हणजे मालकी न देता नुसती वापरायची परवानगी म्हणून) देत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' हे शब्द वापरायचे नाहीत. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, 'स्टीम' या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने पैसे भरायच्या पानावर सूचना लावली की तुम्हाला मिळतो तो परवाना. 'स्टीम' २००३ पासून चालू आहे, म्हणजे ते एक वाक्य पडद्यावर यायला एकवीस वर्षं लागली. तरी या कायद्याने गेम तुमचा होत नाही. निदान बटण खोटं बोलत नाही, एवढंच.

आणि बस बंद पडली तर? 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतींचा गेम २०१४ च्या डिसेंबरात आला. त्यातला बराच भाग एकट्याने खेळण्याजोगा होता, पण कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरूच होत नसे. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट या कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम सगळ्यांसाठी एकदमच मेला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही मेला, हे नीट लक्षात घ्या. पुढे लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघातल्या नागरिकांच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्यांची मागणी काय आहे हे न वाचताच लोक तिच्यावर तुटून पडतात. सर्व्हर अनंत काळ चालवा असं कुणीही म्हणत नाहीये. बंद करताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडून जा, एवढंच मागणं आहे.

हे जमत नाही असं सांगतात तेव्हा मला 'सिमसिटी' आठवतो. तोही शहरं वसवायचाच गेम. २०१३ मध्ये तो आला तेव्हा इंटरनेटशिवाय चालत नव्हता. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडले, लोकांना आत शिरता येईना, आणि ऑफलाइन करायचं तर इंजिनीयरिंगचं प्रचंड काम लागेल असं सांगितलं गेलं. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, त्याच गेमला ऑफलाइन मोड मिळाला. 'द क्रू' बंद पडल्यावर ओरड झाली, तेव्हा युबिसॉफ्टनेही त्याच वर्षी पुढच्या भागाला ऑफलाइन मोड देण्याची घोषणा केली. म्हणजे करता येतं, करायला लावावं लागतं.

आता 'तूच मान्य केलंस' याबद्दल. दादा, हे खास तुझ्यासाठी. अमेरिकेत बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने आपल्या एका कादंबरीत छापलं होतं की हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकायला परवानगी नाही, विकलं तर कॉपीराइटचा भंग समजू. एका मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये निकाल लागला: एकदा प्रत विकलीस की पुढे ती कुणी कितीला विकावी हे तू कॉपीराइटच्या जोरावर ठरवू शकत नाहीस. अट छापलेली होती, वाचता येत होती, तरी चालली नाही. आपण वाचून झालेलं पुस्तक मित्राला देतो, रद्दीवाल्याकडून जुनं आणतो, मुलांसाठी ठेवून जातो, ते याच तत्त्वावर. सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यातून वाट काढली ती एका शब्दाने. आम्ही विकतच नाही, परवाना देतो, असं म्हणायचं. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात ही पळवाट निम्मी बुजवली होती. एकरकमी पैसे घेऊन मुदत न घालता डाउनलोड दिलंत तर ती विक्रीच, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो, असं म्हटलं. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने ई-पुस्तकांना ते लागू होत नाही असं सांगितलं. तेव्हा जे पुस्तक कागदावर माझं असतं तेच पडद्यावर माझं नसतं. लेखक तोच, मजकूर तोच, मोजलेले पैसेही जवळपास तेवढेच.

हे पुस्तकांच्या बाबतीत नुसतं बोलण्यापुरतं राहिलेलं नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-पुस्तक वाचायच्या यंत्रातून, ऑर्वेलची '१९८४' परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते हे खरं, पैसे परत दिले हेही खरं, नंतर माफीही मागितली. पण पुस्तक विकणाऱ्याला माझ्या कपाटापर्यंत हात घालता येतो हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. सगळे असे वागतात असं मात्र नाही. गुगलने जानेवारी २०२३ मध्ये आपली इंटरनेटवरून गेम खेळायची सेवा 'स्टेडिया' बंद केली तेव्हा गेमचे पैसे परत केले आणि त्याचा कंट्रोलर ब्लूटूथवर चालेल अशी सोयही करून दिली. बंद करायचं तर असं करावं.

आता तुमच्या कन्सोलकडे येते. डिस्कवाला घ्या म्हटलं, पण डिस्क म्हणजे सातबारा नव्हे. बऱ्याच डिस्कवर अर्धामुर्धा गेम असतो आणि उरलेला पहिल्या दिवशी डाउनलोड करावा लागतो. निन्टेन्डोच्या स्विच २ साठी येणाऱ्या काही 'गेम-की कार्डां'त तर गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) च्या २०२३ च्या अखेरीपासूनच्या मॉडेलला ड्राइव्ह वेगळा जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. म्हणून 'नंतर कधीतरी घेऊ' असं म्हणत असाल तर कन्सोलसोबतच घेऊन एकदा जोडून टाका. डिस्कचा खरा फायदा असा की तुमचं खातं बंद झालं तरी ती दुसऱ्या खात्यावर चालते, आणि खेळून झाली की विकता येते. त्या १४३ शिवाय माझे सहा गेम डिस्कवर होते. ते सहा आजही माझे आहेत.

पीसीवर खेळत असाल तर 'जीओजी' या ऑनलाइन दुकानातून घ्या. तिथे गेमची इन्स्टॉल फाइल कॉपी रोखणाऱ्या कुलपाविना मिळते. ती आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायची. नुसती खात्यात पडून राहू देऊ नका, नाहीतर काही उपयोग नाही. सेव्ह फाइलींची, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवलेल्या फाइलींची, प्रतही जमेल तिथे काढा. पीएस४ चे सेव्ह यूएसबीवर घेता येतात. पीएस५ च्या गेमचे तसे सुटे घेता येत नाहीत, त्यांची प्रत क्लाउडवर ठेवावी लागते, तीही वर्गणी भरून. स्वतः खेळलेल्या खेळाची फाइल स्वतःच्या पेनड्राइव्हवर का घेता येऊ नये, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

छोट्या टीमचे कितीतरी सुंदर गेम डिस्कवर येतच नाहीत. ते मी डिजिटलच घेते, यापुढेही घेईन. नुसतं ऑनलाइन खेळायचं असेल तर डिस्कचा हट्ट फुकट आहे. चोरून उतरवलेल्या प्रती मी वापरत नाही, तुम्हालाही सुचवत नाही. आणि मी वकील नाही. वरचे निकाल अमेरिकेचे आणि युरोपचे आहेत, तुमचा कायदा वेगळा असू शकतो. पैसे दोनदा कापले गेले तर बँकेकडे जायच्या आधी ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) जाता येतं का ते पाहा, खातं तरी वाचेल.

जुना कन्सोल दादाकडे आहे असं वर म्हटलं. माझं खातं ज्या दिवशी बंद झालं त्या दिवशी तो मला अटी वाचून दाखवत होता, आणि फोन ठेवल्यावर त्याने त्या कन्सोलचं वायफाय काढून टाकलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नेटला जोडला असता तर पुढच्या तपासणीत तिथले गेमही उघडायचे थांबले असते. तीन वर्षं झाली, तो तसाच आहे. त्यात शहराची जुनी प्रत आहे, माझ्या घरी वाढायच्या आधीची, वस्ती नदीच्या अलीकडेच असताना केलेली. परवा गेले तेव्हा भाची त्यावरच खेळत होती. मी दादाला विचारलं, "अजून जोडलं नाहीस?"

"जोडलं तर जाईल ना ते," तो म्हणाला.

भाची आता दहा वर्षांची आहे. पलीकडच्या काठावर तिने पुन्हा शाळा काढली आहे, आणि या खेपेला पूलही बांधतेय.