गॅस्ट्रिनने झडप घट्ट होते, तर जेवल्यावरच जळजळ का होते?

गॅस्ट्रिन या जठरातल्या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप आवळते हे तुम्ही वाचलंय ते खरं, पण तो परिणाम ठळक दिसला तो इंजेक्शनमधून मोठा डोस दिल्यावर, जेवणाने वाढतं तेवढ्याने फारसं काही होत नाही. उलट तेलातुपाचं जेवण लहान आतड्यात उतरलं की कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं, ते झडप सैल करतं आणि जठर रिकामं व्हायलाही वेळ लावतं. भरलेलं जठर ताणलं की काही गिळलेलं नसतानाही झडप मध्येच उघडते, १० सेकंदांहून जास्त, आणि ॲसिड वर येतं. म्हणजे ॲसिड जास्त झालंय असं नाही, ते नको तिथे गेलंय.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण माझ्या आईने वर्षानुवर्षं ऐकून घेतलंय. रात्री ठसका लागून उठायची, घशाशी आंबट पाणी, मग भिंतीला टेकून बसून राहायची, सकाळी आवाज बसलेला. आणि मामाचं एकच पालुपद, ताई तू काळजी फार करतेस. एंडोस्कोपी नॉर्मल आली तेव्हा तर त्याला आणखी जोर चढला. अहो, रिफ्लक्सवाल्या, म्हणजे ॲसिड असं वर येणाऱ्या, निम्म्याहून जास्त लोकांची एंडोस्कोपी नॉर्मलच येते!

शेवटी एका डॉक्टरांनी २४ तासांची पीएच टेस्ट केली, नाकातून बारीक नळी आणि कमरेला यंत्र, जळजळ झाली की आईने बटण दाबायचं. दुसऱ्या दिवशी ग्राफ बघितला तर रात्रीच्या जेवणानंतर पीएचची रेघ ४ च्या खाली घसरलेली, म्हणजे ॲसिड अन्ननलिकेत आलेलं, आणि आईच्या बटणाच्या खुणा बरोब्बर तिथेच. तो ग्राफ मी मामासमोर ठेवला, तर म्हणतो, मशीनचं काय एवढं.

टेन्शनने जळजळ जास्त जाणवते हे मान्य, पण आईचं ॲसिड वर आलेलं डोळ्यांना दिसत होतं. रात्री कमी तेलकट खाणं, जेवण आणि झोप यात ३ तास आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, याने तिला खरंच फरक पडला. तेव्हा घरात कुणी 'मनाचं आहे' म्हणालं की सरळ विचारा, टेस्ट केलीस का?

हां, गरोदरपणात प्रोजेस्टेरॉनमुळेही झडप सैल पडते, ते वेगळं. आणि गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा शी काळी होत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.