विवेकवादी गटात जाऊन रोजचे प्रश्न सुटतात का?

विचारणाऱ्याचा प्रश्न असा आहे: "तर्काने विचार करणाऱ्या आणि व्यवहारातल्या अडचणी सोडवणाऱ्या लोकांच्या गटात सामील व्हायचं आहे. खरंच उपयोग होतो, की नुसत्या चर्चा? सुरुवात कुठून करू?"

व्हा सामील. सुरुवातीचं मला विचारू नका, रविवारी जाऊन सतरंजीवर बसलं की झाली सुरुवात. पण "खरंच उपयोग होतो का" हे वाचलं आणि मला आमची पाण्याची बोअर आठवली. दहा वर्षं होत आली तरी सासरी कुठल्याही लग्नात तो विषय निघतो, आणि निघाला की थोरले भाऊजी माझ्याकडे बघून मिशीत हसतात. म्हणून लिहितेय.

माझी नोकरी साताऱ्यात, सासर माण तालुक्यात. माण म्हटल्यावर पाण्याचं वेगळं सांगायला नको. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते आमच्या साताऱ्याचे. त्या दिवसांत अनेकांना वाटलं की आता घरात बसून चालायचं नाही, त्यातलीच मी एक. मी गेले तो गट लहान होता, कुठल्या मोठ्या संघटनेची शाखा नव्हती, पंधरा-वीस माणसं. नाव सांगत नाही.

तिथे शिकले, हे आधी कबूल करते. नारळीकर, दाभोलकर आणि मंडळींनी २००८ मध्ये घेतलेली फलज्योतिषाची चाचणी मला तिथेच नीट कळली. २०० मुलांच्या पत्रिका जमवलेल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवल्या आणि कुठली कोणाची ते ओळखा म्हटलं. २७ जणांची उत्तरं आली आणि निकाल नाणं उडवून जेवढा आला असता त्याहून बरा नव्हता. सगळे त्या निकालावर खूश. मला आवडली ती मांडणी. बरोबर कशाला म्हणायचं, चूक कशाला म्हणायचं, हे पत्रिका पाठवायच्या आधीच ठरलेलं. नंतर पळवाट नाही.

आता बोअर. २०१६ चा उन्हाळा, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं तो. आमची विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली होती. डाळिंबाची दोनशे झाडं टँकरवर. भाऊजी म्हणाले, बोअर मारू, आप्पांना बोलवतो. आप्पा म्हणजे आमच्या भागातले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे, नारळ उभा राहिला की तिथे पाणी. मी गटात तीन वर्षं काढलेली, मला गप्प कुठलं बसवतंय! म्हटलं, भाऊजी, नारळ उठत नाही, हात उठवतो. माणूस मुद्दाम करतो असं नाही, त्याच्याही नकळत स्नायू हलतात. कार्पेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्येच हे सांगून ठेवलंय. भाऊजी म्हणाले, "तुमच्या त्या कार्पेंटरला सांगा माणला येऊन बोअर दाखवायला."

शेवटी मी आप्पांनाच विचारलं की एक गंमत करू का. म्हातारा दिलदार, हो म्हणाला. त्यांनी उघड्या डोळ्यांनी तीन जागा दाखवल्या, तिथे मी खुंट्या मारल्या. मग त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, दोन गिरक्या घ्यायला लावल्या, खुंट्या उपटल्या आणि मुलाच्या हाताला धरून त्याच रानात फिरवलं. दहा फुटांच्या आत आलं तर बरोबर, हे आधी सगळ्यांसमोर ठरवलं होतं. खुंट्यांच्या जागा मी टेपने मोजून वहीत लिहिल्या होत्या. नारळ चार वेळा उठला. चारही वेळा जुन्या जागेपासून लांब, एकदा तर बांधापलीकडे शेजाऱ्याच्या रानात. आप्पांनी फडकं सोडलं आणि म्हणाले, "डोळं बांधलं की अंगातली वीज तुटती."

मी जिंकले होते. निदान त्या संध्याकाळी तसं वाटलं. मालकांनी (माझे, आप्पांचे नाही) तोडगा काढला, दोन बोअर मारू, एक आप्पांची, एक हिची. मी भूजलाच्या जाणकाराला आणलं. चार खुंट्या जमिनीत ठोकून, वीज सोडून, खडकाचा रोध मोजायचं यंत्र असतं ते घेऊन तो आला. त्याने स्वच्छ सांगितलं की ताई, हा बसाल्ट आहे, यात पाण्याचं तळं नसतं, भेगा असतात आणि मांजऱ्या खडकातली छिद्रं असतात. यंत्र शक्यता सांगतं, खात्री नाही. मी खात्री ऐकली. तो शक्यता म्हणत होता आणि मी खात्री ऐकत होते, हे मला पुढे वर्षभराने कळलं.

गाडी आली तामिळनाडूची, तिरुचेंगोडची पोरं. माझी बोअर आधी. दीडशे फुटांना जरा ओल दिसली, मग काळा पाषाण, मग नुसता फुफाटा. तीनशे वीस फुटांवर थांबवलं. अख्खी वस्ती जमलेली, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी धूळ. दुसऱ्या दिवशी आप्पांची जागा. दोनशे दहा फुटांवर दोन इंची पाणी. भाऊजींनी नारळ फोडला आणि पहिलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. तोच नारळ, बरं का.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा भाग. मी पुढच्या रविवारी गटात गेले आणि जसं घडलं तसं सगळं सांगितलं. डोळे बांधून नापास, बोअरला पास, आणि शास्त्राची बोअर कोरडी. मला वाटलं होतं, आता बसून विचार करू, कुठे चुकलं बघू. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "ताई, ही गोष्ट बाहेर सांगू नका. लोक चुकीचा अर्थ काढतील." दोघांनी माना डोलावल्या. पुढचा विषय सुरू झाला.

मला कोरड्या बोअरचं तेवढं लागलं नाही जेवढं हे लागलं. नारळ उठला तेवढाच मोजायचा, नाही उठला तो विसरायचा, हेच तर पाणाड्याचं दुकान! आणि आपणही आपल्याला नको तो आकडा झाकायचा? मग सतरंजीचा रंग तेवढा वेगळा. मी तिथे तसं बोलले. आवाज चढला माझा. नंतर दोन-तीनदा गेले, मग सुटलंच.

त्या दिवाळीत मी वही घेऊन वस्तीभर फिरले. प्रत्येक बोअरला चार प्रश्न: जागा कोणी दाखवली, किती फूट, पाणी लागलं का, मे महिन्यात टिकलं का. पहिल्या दिवशी सगळ्यांनी फक्त लागलेल्याच बोअर सांगितल्या. कोरड्या बोअर लोकांना आठवतच नाहीत, त्या बायकांना विचाराव्या लागतात, कारण दागिने त्यांचे मोडलेले असतात. एका जाऊबाईंनी तर भाऊजींच्याच मळ्यातली २००४ ची कोरडी बोअर दाखवली, आप्पांनीच दाखवलेली, वर शेणी रचलेल्या. भाऊजींना ती आठवत नव्हती. खोटं बोलत नव्हते, खरंच आठवत नव्हती.

एकूण ३४ निघाल्या. पाणाड्याने दाखवलेल्या २६, त्यात पाणी लागलं १५ ना. कोणालाही न विचारता, घराजवळ किंवा तारेचा खांब जवळ म्हणून मारलेल्या ७, त्यात ४ ना लागलं. आणि यंत्राने दाखवलेली १, ती माझी, कोरडी. म्हणजे नारळ घेतला काय, न घेतला काय, दहातल्या पाच-सहा लागतातच. खरा फरक दुसरीकडे निघाला. ओढ्याकाठच्या आणि पाझर तलावाच्या खालच्या अंगाच्या बोअरना मे महिन्यात पाणी होतं, माथ्यावरच्या आटलेल्या, मग दाखवणारा कोणीही असो. आप्पांची आमची दोन इंची बोअर पुढच्या मार्चला गुळण्या टाकायला लागली. मी काही बोलले नाही. (बोलले. एकदाच बोलले.)

जर्मनीत म्युनिकजवळ १९८० च्या दशकाच्या शेवटी पाणाड्यांची मोठी चाचणी झाली होती. सुमारे ५०० जणांतून ४३ निवडले, एका कोठारात खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावरून सरकवायचे आणि वरच्या मजल्यावरून त्यांनी तो ओळखायचा. प्रयोग करणाऱ्यांना वाटलं, बाकीचे सोडा, पण थोड्यांच्या अंगात काहीतरी आहे. पुढे एन्राइट नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले तर तो योगायोगच निघाला. इतक्या लोकांत चार-दोन जणांचं चांगलं येणारच, आणि नंतर तेवढ्यांवर बोट ठेवलं की चमत्कार. आमच्या गटातल्या ज्येष्ठांनी केलं ते याच्याच उलट बाजूचं: तिथे हवे तेवढे आकडे दाखवले, इथे नको तो झाकला.

तर उपयोग कुठे होतो? मला विचाराल तर २०१८ मध्ये झाला. त्या वर्षीचा वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा, आमच्या माणच्याच टाकेवाडीने जिंकला, आणि त्या स्पर्धेने आसपासच्या गावांनाही चेवच आला होता. एप्रिल-मेच्या उन्हात पंचेचाळीस दिवस माणसं माथ्यावर चर खणत होती. मी रजा टाकून आठ दिवस गेले. तिथे विवेकवादाचा शब्द कोणी काढला नाही. टिकाव मारायच्या आधी नारळ फोडायचे, आरती करायचे. पण हायड्रोमार्करने, म्हणजे पाणी भरलेल्या नळीच्या साध्या साधनाने, समपातळी काढताना एका ठिकाणी रेषा चुकली, तर चौथी शिकलेल्या म्हातारीने थांबवलं, "पुन्हा मोज, पाणी हितनं पळंल." चाळीस फूट खणलेला चर बुजवून पुन्हा खणला. कोणाचं नाक कापलं नाही. मी गटात तीन वर्षांत एकदाही कोणाला खणलेला चर बुजवताना पाहिलं नाही, मला धरून.

तेव्हा कुठल्याही गटात जा, पण महिनाभराने एक गोष्ट बघा: "आपलं इथे चुकलं" असं तिथे कोणी मोठ्याने म्हणतं का, आणि म्हटल्यावर त्याला चहा मिळतो की सल्ला. सल्ला मिळत असेल तर तिथली पुस्तकं वाचा आणि या.

आता थोडं मागे घेते. ३४ हा आकडा लहान आहे, त्यावरून आख्ख्या तालुक्याचं सांगता येत नाही, आणि ७ वरून तर काहीच नाही. यंत्राची एक बोअर कोरडी गेली म्हणून यंत्र वाईट असंही नाही, मी पुन्हा बोअर मारली तर आधी भूजलवाल्यालाच बोलवीन, फक्त या वेळी त्याचं नीट ऐकीन. आप्पा फसवे नव्हते, त्यांची श्रद्धा होती आणि रानाची जाण होती. वारूळ, उंबर बघून पाणी ओळखायचं तर बृहत्संहितेतही लिहिलंय. आप्पा पाणी लागलं तरच पैसे घ्यायचे. हे मात्र बघा की पाणी लागलं तर कमाई आणि नाही लागलं तर त्यांचा तोटा काही नाही, तोटा सगळा आपला. आणि त्या गटातले ते ज्येष्ठही वाईट नव्हते. २०१३ नंतरचे दिवस तसे होते, प्रत्येकाला वाटायचं समोरचा टपलेलाच आहे. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

परवा भाऊजींचा फोन आला. वय झालंय, ऐकू कमी येतं, ओरडून बोलतात. म्हणाले, तुझ्या वहीत ३४ लिहिल्यात ना, ३५ पाहिजेत, वरच्या पडीक मळ्यातली धरलीच नाहीस, १९९८ ची, आप्पांनी दाखवलेली, पाणी लागलेली. म्हटलं, कोणी पाहिली? म्हणाले, मी पाहिली. पावती नाही, गाडीवाला कोण ते माहीत नाही, मळा विकून झालाय. आता २७ पैकी १६ झाल्या. लिहिलीय, पण पेन्सिलने.