वाचकांचे प्रश्न : इयत्ता गाळावी की गणित वाढवावे?

प्रश्न : माझी मुलगी राज्य मंडळाच्या सेमी-इंग्रजी शाळेत नववीत आहे. गणिताची दोन्ही पुस्तके तिने दिवाळीपूर्वीच सोडवून संपवली. येथील एका खासगी क्लासचे म्हणणे असे की, तिने यंदाच दहावीचे गणित उरकावे आणि पुढील वर्षी अकरावी-बारावीचे कलन (कॅल्क्युलस) सुरू करावे. घरातील वडीलधारे म्हणतात, बाहेरून परीक्षेला बसवून एक वर्ष वाचवावे. आम्ही काय करावे?
— एक आई, सांगली

उत्तर : वर्ष वाचवण्याचा मार्ग अस्तित्वात आहे, हे आधी मान्य करतो. वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. मात्र वाचलेल्या वर्षाचे पुढे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. उद्या तिचा कल वैद्यकीय शिक्षणाकडे वळला, तर ‘नीट’साठी प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि घाईने मिळवलेले वर्ष तिथे नुसते बसून काढावे लागू शकते. दुसरे असे की, आपली मुलगी गणितात पुढे आहे. पण इयत्ता गाळली तर विज्ञान, मराठी, इतिहास या साऱ्याच विषयांत तिला उडी मारावी लागेल, आणि त्या विषयांबद्दल आपण पत्रात एक शब्दही लिहिलेला नाही. एका विषयाच्या भुकेसाठी सगळे ताट बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लासच्या सल्ल्याविषयी मला अधिक शंका आहे. कलनाची सूत्रे दहावीतल्या हुशार मुलीला महिन्याभरात पाठ होतील यात नवल नाही. x² चे अवकलन 2x असे ती धडाधड सांगेल, पण ते तसे का येते, हे विचारल्यावर अडखळणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. याउलट तिला आज संध्याकाळी एवढेच विचारून पाहा : १ ते १०० मधून कोणत्याही ५१ संख्या निवडल्या, तर त्यांत लगतच्या दोन संख्या असणारच, हे सिद्ध कर. यासाठी सातवीपलीकडचे काहीही लागत नाही. (१, २), (३, ४) अशा पन्नास जोड्या पाडल्या की, ५१ संख्यांपैकी दोन एकाच जोडीत येतात आणि प्रश्न संपतो. पण त्या जोड्या सुचण्यापूर्वी मुलगी वहीवर अर्धा तास जी खाडाखोड करते, तेच तिचे पुढचे गणित. आपण लगेच उत्तर सांगू नका.

अशा प्रश्नांची रीतसर वाट म्हणजे गणित ऑलिंपियाड. पहिला टप्पा ‘आयओक्यूएम’ साधारणपणे सप्टेंबरमध्ये होतो. त्यात तीन तासांत ३० प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर पूर्णांकात द्यायचे असते. त्यातून निवडलेली मुले विभागीय ‘आरएमओ’ला बसतात आणि तेथून राष्ट्रीय ‘आयएनएमओ’ला जातात. या टप्प्यांवर सिद्धता सविस्तर लिहाव्या लागतात. पुढच्या प्रशिक्षण शिबिरातून आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी देशाचा सहा जणांचा संघ ठरतो. मुलींना यात आणखी एक दार आहे : युरोपियन मुलींच्या गणित ऑलिंपियाडमध्ये भारताचा चार मुलींचा संघ जातो. संख्या सिद्धांत (पूर्णांकांचे गुणधर्म), बीजगणित, भूमिती आणि संयोजनशास्त्र (मोजणी व मांडणीचे गणित) ही या परीक्षांची चार क्षेत्रे आहेत; कलन लागत नाही, हे क्लासच्या संचालकांना आवर्जून सांगावे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका विनाशुल्क मिळतात. शाळेतील गणिताच्या बाईंना आठवड्यातून एक तास मागा; राज्य मंडळाच्या भाग दोनमधील भूमिती ज्या बाई मनापासून शिकवतात, त्यांना हे काम आवडते.

नातेवाईक ‘एनटीएस’ (राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा) आणि ‘केव्हीपीवाय’ (विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती योजना) यांची नावे सुचवतील. पहिली परीक्षा २०२१ पासून स्थगित आहे आणि दुसरी योजना २०२२ मध्ये केंद्राच्या ‘इन्स्पायर’ या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली, तेव्हा त्यांच्या नावाने चालणाऱ्या तयारी-वर्गांना पैसे देऊ नयेत. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठीच असल्याने यंदा नोंदणी राहून गेली असेल, तर ती संधी गेली असे समजावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा हायस्कूलच्या दहावीत आहे. शाळेने पुढील वर्षासाठी तीन एपी विषय (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) सुचवले आहेत. ओळखीच्या मराठी घरांतील मुलांनी मात्र सहा-सहा घेतले आहेत. त्याऐवजी कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयाचे) वर्ग लावावेत का?
— एक वडील

उत्तर : तीन पुरेत. एपी विषयाची परीक्षा कॉलेज बोर्ड दरवर्षी मे महिन्यात घेते आणि गुण १ ते ५ असे देते. पण ३ किंवा ४ गुणांचे पुढे काय होणार, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. डार्टमथ या खासगी विद्यापीठाने तर एपीच्या गुणांवर क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक) देणे २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीपासून बंद केले. तेव्हा ‘सहा विषय म्हणजे कॉलेजचे एक वर्ष वाचले’ हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. शेजारच्या घराकडे न पाहता मुलाच्या डोक्यात असलेल्या चार-पाच विद्यापीठांचे क्रेडिटचे तक्ते उघडून पाहावेत.

कम्युनिटी कॉलेजचे वर्ग चांगलेच असतात, आणि राज्यातील सार्वजनिक विद्यापीठे त्यांचे क्रेडिट बहुधा मान्य करतात. खासगी विद्यापीठे पुष्कळदा करत नाहीत. तिथे मिळालेली श्रेणी मात्र कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमची नोंदली जाते. सोळाव्या वर्षी हौसेने घेतलेल्या रसायनशास्त्रात ‘सी’ श्रेणी मिळाली, तर ती पदवीच्या अर्जातही सोबत येते, हे मुलाला घेण्याआधीच सांगावे.

गणिताबद्दल एवढे लक्षात ठेवा : एपीमध्ये कॅल्क्युलसचे एबी आणि त्याहून विस्तृत बीसी असे दोन विषय असतात; बीसी जमण्यासारखे असेल, तर एबीची परीक्षा वेगळी देण्याची गरज नाही, कारण बीसीच्या निकालातच एबीच्या भागाचे गुण स्वतंत्र दाखवतात. आणि परीक्षा मे महिन्यात असली, तरी तिची नोंदणी आदल्या नोव्हेंबरमध्येच संपते.