आलेखावरून फ(२) वाचताना पोकळ वर्तुळाचं काय करायचं?

तुझ्या आलेखात एक तिरकी सरळ रेषा आहे, तिच्यावर (२, ४) पाशी पोकळ वर्तुळ आहे आणि त्याच्या बरोबर खाली (२, १) वर एकटाच भरीव ठिपका. तू फ(२), म्हणजे क्ष = २ असताना फलाची (फंक्शनची) किंमत, ४ लिहिलीस, पुस्तकात उत्तर १ आहे, आणि छपाईची चूक आहे का असं विचारलं आहेस. चूक नाही, १ च बरोबर.

फ(२) विचारलं की क्ष-अक्षावर २ पाशी थांबायचं आणि नजर सरळ उभी न्यायची. वर आणि खालीसुद्धा, कारण किंमत ऋणही असू शकते. आलेखाचा बिंदू भेटला की तिथून आडवं य-अक्षाकडे जायचं. पोकळ वर्तुळ म्हणजे तो बिंदू काढून टाकलेला आहे. रेषा तिथवर पोचते, पण तो बिंदू आलेखात नाही. एकाच उभ्या रेषेवर दोन भरीव ठिपके असते, तर ते फलच ठरलं नसतं, कारण फलात एका क्ष ला एकच किंमत असते.

मग ४ कुठून आला? क्ष दोन्ही बाजूंनी २ च्या जवळ नेला की फलाची किंमत ४ च्या जवळ जाते, म्हणजे ४ हे लिमिट आहे. लिमिट काढताना २ पाशी नेमकं काय आहे हे बघायचंच नसतं. फ(२) काढताना फक्त तेवढंच बघायचं असतं. परीक्षेत हे दोन्ही प्रश्न एकाच आकृतीवर मुद्दाम विचारतात.

उलटा प्रश्न जास्त फसवा असतो. तुझी रेषा (०, २) मधून जाते, म्हणजे २ सोडून बाकी सगळीकडे फ(क्ष) = क्ष + २. आता फ(क्ष) = १ केव्हा? य-अक्षावर १ पासून आडवी रेघ ओढ. ती तिरक्या रेषेला क्ष = –१ ला भेटते आणि पुढे त्या एकट्या ठिपक्यालाही. उत्तरं दोन, –१ आणि २. फ(क्ष) = ४ ला मात्र उत्तरच नाही, कारण आडवी रेघ नेमकी पोकळ वर्तुळातून जाते.

प्रमाण आधी वाच, हे सांगायला नको, तरी सांगतो. य-अक्षावर १ सेमी = ५ एकक असेल तर आलेख कागदावरचा १ मिमी म्हणजे अर्धा एकक. दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखंच असेल असं धरून चालू नये. आणि आलेखावरून वाचलेली किंमत बहुधा अंदाजे असते: य = क्ष² च्या आलेखावरून २ चं वर्गमूळ १.४ पर्यंत सहज मिळेल, १.४१४ नाही.

आता याच आकृतीवरून फ(फ(०)), म्हणजे फ(०) ची जी किंमत येईल तिथली फ ची किंमत, काढ आणि इथे लिही. ४ आलं तर वरचा दुसरा परिच्छेद पुन्हा वाच.