जपानचे पेन्शनचे पैसे काढून घेऊ का?

प्रश्न : ऑगस्ट २०१७ ते मार्च २०२५ मी टोकियोत एका आयटी कंपनीत होतो. पुण्याहून पाठवलेला नव्हे, तिथल्याच करारावर. त्याआधी सहा वर्षं हिंजवडीत नोकरी. तो पीएफ काढला, पण पेन्शनचा भाग पासबुकात अजून दिसतो. आता कायमचे परत आलो आहोत. जपानमध्ये दहा वर्षं झाली नाहीत म्हणजे पेन्शन बुडालं, 'दात्ताइ इचिजिकिन' (जपान सोडणाऱ्याला मिळणारी एकरकमी रक्कम) घेऊन मोकळा हो, असं मित्र म्हणतात. त्यांनी सगळ्यांनी घेतलं. बोनस धरून माझा पगार सरासरी महिना चार लाख येन होता. वय ३९. बायको माझ्यानंतर वर्षाने आली, तिथे ती घरीच होती, त्यामुळे तिचा प्रश्न नाही. काय करावं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : काढूच नका, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनी काढले म्हणून तर मुळीच काढू नका. टोकियोत पगारपत्रकांच्या टेबलावर मी बरीच वर्षं घालवली. निशिकासाईतली आपली मंडळी परतीची तिकिटं काढली की सामानाच्या यादीसारखी ही रक्कमही यादीत टाकतात. हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतं.

दहा वर्षांची अट खरी आहे. ऑगस्ट २०१७ पर्यंत ती पंचवीस वर्षांची होती, त्यामुळे जुन्या लोकांच्या डोक्यात 'परदेशी माणसाला पेन्शन मिळतच नाही' हे पक्कं बसलंय. पण ही दहा वर्षं फक्त जपानचीच लागतात, असं नाही. भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार पात्रतेसाठी दोन्हीकडचे महिने जोडता येतात. तुमचे तिथले महिने ९२, इथल्या ईपीएसचे, म्हणजे पीएफमधल्या पेन्शनच्या भागाचे, साधारण ७२. एकशेवीसची रेघ तुम्ही आरामात ओलांडता. हिंजवडीचा पेन्शनचा भाग फॉर्म १०सी भरून काढला नाहीत, हे फार चांगलं केलंत. तो काढला असता तर जोडायला काही उरलं नसतं. (१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि पंधरा हजारांवर पगार असलेल्यांना ईपीएस लागूच होत नाही. त्यांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.)

आता आकडे बघा. एकरकमी पैसे कितीही वर्षं भरलेले असोत, जास्तीत जास्त ६० महिन्यांचेच मिळतात. २०२१ च्या एप्रिलआधी तर ३६ महिन्यांचेच मिळायचे. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ही मर्यादा आठ वर्षांवर नेण्याची तरतूद आहे, पण तिच्या भरवशावर तुम्ही बसू नका. म्हणजे तुमचे ३२ महिने फुकट जाणार. तुमच्या पगारावर रक्कम होते २२ लाख येन. त्यातून २०.४२ टक्के कर आधीच कापतात. जपानमधला कुणी ओळखीचा माणूस कर-प्रतिनिधी म्हणून नेमला तर तो परत मागता येतो.

पेन्शन घेतलंत तर पासष्टीपासून मूळ पेन्शनचा तुमचा वाटा २०२५-२६ च्या दराने वर्षाला साधारण १ लाख ५९ हजार येन होतो. पूर्ण ४८० महिने भरणाऱ्याला त्या साली ८ लाख ३१ हजार मिळत होते, त्याच प्रमाणात. शिवाय कोसेइ नेनकिनचा, म्हणजे पगारावरचा भाग सुमारे २ लाख. दोन्ही मिळून वर्षाला ३ लाख ६० हजारांच्या आसपास, आणि तेही तहहयात. म्हणजे एकाहत्तरी ओलांडली की पेन्शनचं पारडं जड होतं.

पण तुम्ही आज ३९ चे आहात, २६ वर्षं थांबायचंय. आज हातात आलेले २२ लाख येन तुम्ही नीट गुंतवू शकता का, हे तुम्हालाच ठाऊक. डोक्यावर कर्ज असेल तर ती रक्कम घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पासष्टीच्या आत तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना जपानकडून काही मिळेलच, असंही धरून चालू नका. एकरकमी घेतलीत तर मात्र तुमचे ९२ च्या ९२ महिने जपानच्या दप्तरातून पुसले जातात, ६० नव्हे. मग इथल्या ईपीएसची दहा वर्षं भरायलाही ते वापरता येत नाहीत. एरवी तेही जमलं असतं.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. 'तिचा प्रश्न नाही' कसा? माझ्या मते खरा प्रश्न तिचाच आहे. कोसेइ नेनकिन भरणाऱ्याची अवलंबित बायको जपानच्या कायद्यात 'तिसऱ्या वर्गाची विमाधारक' ठरते. वर्षाची कमाई १३ लाख येनच्या आत हवी. ती एक येनही भरत नाही, तरी मूळ पेन्शनसाठी तिचा प्रत्येक महिना भरलेला धरतात. तुमच्या बायकोचे असे ८० महिने होतात. एकरकमीत या महिन्यांचा एक पैसा मिळत नाही, म्हणूनच मित्रांच्या गप्पांत बायकांचा विषय कधी निघत नाही. पेन्शनच्या हिशेबात मात्र ते वर्षाला १ लाख ३८ हजार येन आहेत, तिच्या स्वतःच्या नावावर. अट तीच, एकशेवीस महिन्यांची. लग्नाआधी तिने इथे नोकरी केली होती का? तिचे ईपीएसचे ४० महिने असले तरी काम झालं. तेव्हा तिला आजच सांगा, जुन्या पीएफ खात्यातला पेन्शनचा भाग काढू नकोस. नोकरी केलेली नसेल तर हा रस्ता बंद, पण निदान विचारून तरी घ्या.

तिची नोंद तुमच्या कंपनीने केली होती ना, हेही तपासा. तिच्या नावाने वाढदिवसाच्या महिन्यात पेन्शन खात्याचं पत्र यायचं, त्यात महिने छापलेले असतात. दोघांचेही दहा आकडी पेन्शन क्रमांक जपून ठेवा. पुढे अर्ज इथूनच, ईपीएफओमार्फत करता येतो.

एकरकमी घ्यायचीच ठरली तर तिथला पत्ता रद्द झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. तुमच्या बाबतीत मार्च २०२७.

प्रश्न : कंपनी मला तीन वर्षांसाठी योकोहामाला पाठवते आहे. जपानमध्ये पेन्शनची कपात होणार नाही म्हणतात. माझं नुकसान तर होत नाही ना?
— एक वाचक, वाकड

उत्तर : नाही. पाच वर्षांपर्यंतच्या नेमणुकीवर जाणाऱ्याला दोन्ही देशांत भरावं लागू नये, हासुद्धा त्याच कराराचा भाग आहे. इथला पीएफ चालू राहतो आणि ईपीएफओ 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' (इथे भरणा चालू असल्याचा दाखला) देतं. ते निघाल्याशिवाय विमानात बसू नका, आणि एक प्रत कंपनीकडून मागून स्वतःजवळ ठेवा. हे महिने जपानच्या खात्यात धरले जात नाहीत. उद्या तिथेच स्थानिक नोकरी धरलीत तर मोजणी त्या दिवसापासून सुरू होईल.