कमोड आधी, टाइल्सचा रंग नंतर

प्रश्न : ताई, आम्ही छोटंसं नवीन घर बांधायला घेतलंय. बाथरूम एकच, कागदावर ५ बाय ८ फूट. दार ५ फुटी भिंतीत एका टोकाला आणि खिडकी बरोबर समोर. कमोड, बेसिन, शॉवर सगळं त्यातच बसवायचंय, बायकोला काचेचं पार्टिशन हवंय, आईचे गुडघे दुखतात म्हणून मला तिची काळजी आणि गवंडी म्हणतो सगळं बसतंय हो, टेन्शन घेऊ नका. खरंच बसेल का?

उत्तर : बसेल, पण तो म्हणतोय तसं आपोआप नाही. आधी मला सांगा, हे ५ बाय ८ कोऱ्या भिंतींचं माप आहे की टाइल्स लागल्यावरचं? बहुतेक कोऱ्याच भिंतींचं असणार. गिलावा, टाइल आणि ती चिकटवायचा माल मिळून एकेका बाजूचा दीड इंच सहज खाल्ला जातो, म्हणजे तुमच्या हातात राहणार ४ फूट ९ इंच बाय ७ फूट ९ इंच. तीन इंचांनी काय होतंय असं मलाही वाटायचं. आमच्या पहिल्या घरात प्लंबरने कमोडचा पाइप कोऱ्या भिंतीपासून १२ इंच मोजून काढला, मग टाइल्स लागल्या आणि ते अंतर आलं साडेदहावर, आणलेला कमोड १२ इंचवाला, त्याची टाकी भिंतीत घुसू बघतेय आणि आम्ही दोघं ते भांडं दोन्हीकडून धरून एकमेकांची तोंडं बघतोय. चार दिवसांपूर्वी लावलेली फरशी फोडावी लागली. म्हणून कमोड आधी पसंत करा, त्याचा पाइप खाली जमिनीत जातो की मागे भिंतीत ते बघून ठेवा, आणि प्लंबरला माप सांगताना 'टाइल लागल्यानंतर' हे दोन शब्द जास्तीचे सांगाच.

आता मांडणी. सगळं एकाच लांब भिंतीला ओळीने लावा, दाराजवळ बेसिन, मग कमोड आणि खिडकीखाली शॉवर. हिशेब बघा, बेसिनला २० इंच, कमोडला ३० (त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५-१५, त्याहून कमी केलंत तर कोपर आपटतं), शॉवरला ३६, झाले ८६ आणि तुमच्याकडे आहेत ९३. उरलेले सात इंच कमोडच्या आजूबाजूला वाटून टाका, तिथे कपाट वगैरे घुसवायचा मोह नको. कमोड भिंतीपासून साधारण २७ इंच पुढे येतो, समोर ३० इंच राहतात, कमीत कमी २१ तरी लागतातच, त्यामुळे तुमचं निवांत भागतंय. सगळे पाइप एकाच भिंतीला आल्यामुळे जोड कमी होतात, आणि गळती झालीच तर शोधायची कुठे हे तरी माहीत असतं.

दार बाहेर उघडणारं करा. आत उघडलं की बेसिनसमोरची उभं राहायची जागा तेच अडवतं, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे कोणी आत पडलं तर दाराला आडवं होतं, मग बाहेरून ढकलून दार उघडत नाही. बाहेर पॅसेज अरुंद असेल तर सरकतं दार लावा, पण ते ज्या भिंतीवर सरकणार तिथे लाइटचा बोर्ड येऊ देऊ नका, ही चूक भलेभले करतात.

काचेचं म्हणाल तर वहिनींचं ऐका, फक्त त्या काचेला दार नको. ८ मिलिमीटरची टफन्ड काच, ३० इंच रुंद, जागेवर फिक्स, बाकीचं मोकळं ठेवा. शॉवरला उंबरा बिलकुल करू नका, आईंचा पाय तिथेच अडकणार. पाणी उंबऱ्याने नाही, उताराने अडवायचं. शॉवरच्या भागात जाळीकडे फुटाला पाव इंच उतार ठेवा आणि गवंडी घरी जायच्या आत मगभर पाणी ओतून ते कुठे पळतंय हे स्वतः वाकून बघा. टाइल्समध्ये माल भरला की मग कोणी ऐकून घेत नाही. फरशीला टाइल लहान आणि खरखरीत घ्या, लहान टाइलला उतारही नीट देता येतो.

एक गोष्ट मात्र या मांडणीत अडते. कमोडच्या एका बाजूला बेसिन, दुसऱ्या बाजूला काच, मग आई उठताना धरणार काय? काचेवर आधाराचा दांडा लागत नाही आणि टॉवेलचा रॉड म्हणजे आधार नव्हे, तो हातात येतो. मागच्या भिंतीवर लावायचा, वर उचलून ठेवता येणारा दांडा मिळतो तो घ्या, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांत. तो जिथे येणार तिथली भिंत भक्कम हवी, म्हणून आत्ताच ठरवा. कमोडची सीट १७-१९ इंच उंचीची बघा, गुडघ्यांना खूप फरक पडतो.

आणि पाइप टाकायच्या आधी एक दिवस खडूने हे सगळं जमिनीवर आखा, कमोडच्या जागी खुर्ची ठेवा आणि आईंना बसून उठायला लावा. हात कुठे जातो बघा, दांडा तिथेच.

प्रश्न : आमची बाथरूम अगदी लहान आहे, एक्झॉस्ट फॅन लावलाय तरी आरसा धूसरच आणि छताच्या कोपऱ्यात काळे डाग. फॅन खराब आहे का?

उत्तर : आधी दार बंद करून खालची फट बघा. फॅन हवा बाहेर फेकतो पण नवी हवा आत यायला वाटच नसेल तर तो नुसताच गरगरतो. दाराखाली पाऊण इंच फट ठेवा किंवा जाळी बसवा. अंघोळ झाल्यावर फॅन लगेच बंद करायची सवय असेल तर ती सोडा, पंधरा-वीस मिनिटं चालू राहू दे.

प्रश्न : बंद घरात महिन्याभराने आलो की बाथरूममध्ये गटाराचा वास, प्लंबर म्हणतो पाइप बदला.

उत्तर : थांबा हो! जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी साठलेलं असतं, तेच वास अडवतं आणि घर बंद असलं की ते सुकतं. बादलीभर पाणी ओता, तासाभराने परत या. वास गेला असेल तर प्लंबरला चहा पाजून घरी पाठवा.