इंग्लंडमधला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळाचा पडीक कंट्रोल टॉवर घेऊन त्याचं राहतं घर करता येईल का?

करता येतं, आणि बऱ्याच जणांनी केलंय. लिंकनशायरमधला शेतात उभा असलेला एक टॉवर लिलावात निघालाय, किंमत साध्या फ्लॅटपेक्षाही कमी दिसतेय, म्हणून तुम्ही विचारताय. ती किंमत घराची नाही. राहायची परवानगी नाही, पाणी नाही, अशा विटांच्या ढाच्याची ती किंमत आहे. खरा खर्च ढाच्यात नसलेल्या गोष्टींवर होतो.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, मूळचा डोंबिवलीचा, आता नॉरफोकमध्ये. पूर्व इंग्लंडमध्ये युद्धाच्या काळात विमानतळांची इतकी दाटी झाली होती की इथे जुन्या इमारती तपासायचं काम घेतलं की हँगर, निस्सेन हट (अर्धगोल पत्र्याची बराक), टॉवर यांपैकी काहीतरी वाट्याला येतंच.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या. टॉवर म्हटल्यावर उंच मनोरा डोळ्यापुढे येतो, पण हवाईदलाचा नेहमीचा टॉवर म्हणजे दोन मजली, चौकोनी, सपाट गच्चीची वीटबांधणी, बाहेरून सिमेंटचा गिलावा, पहिल्या मजल्याला सज्जा. खाली हवामानाची खोली आणि वॉच ऑफिस (ड्युटीवरच्यांची खोली), वर कंट्रोल रूम आणि सिग्नलची खोली. नौदलाचे टॉवर मात्र जास्त उंच असत. हे सगळं एअर मिनिस्ट्रीच्या, म्हणजे हवाईदलाच्या मंत्रालयाच्या, ठरावीक नकाशांवरून बांधलेलं. 12779/41 हा एक नकाशा, 343/43 हा नंतरचा. शेवटचे दोन आकडे वर्षाचे. पहिल्याच्या समोरच्या खिडक्या मोठ्या, दुसऱ्याच्या लहान. दोन मजले मिळून क्षेत्रफळ ढोबळ मानाने दोन हजार चौरस फुटांच्या आसपास भरतं. घराला भरपूर झालं.

आता कागद. गावाबाहेर शेतात नवं घर बांधायला इंग्लंडमध्ये सहसा परवानगी मिळत नाही. पण राष्ट्रीय नियोजन धोरणात (2024 च्या आवृत्तीत परिच्छेद 84) वापरात नसलेली इमारत पुन्हा वापरात आणून भोवतालचा परिसर सुधारत असेल तर अपवादाची सोय आहे. टॉवरवाल्यांचा अर्ज बहुतेक याच वाटेने जातो. मेख अशी की इमारत ‘आहे ती वापरता येण्यासारखी’ हवी. निम्मी पाडून पुन्हा बांधणार असाल तर कौन्सिल, म्हणजे परवानगी देणारी स्थानिक संस्था, त्याला नवं घरच म्हणेल. म्हणून अर्जासोबत माझ्यासारख्याचा स्ट्रक्चरल रिपोर्ट लागतो. टॉवर ग्रेड टू, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या, यादीत असेल तर वेगळी संमतीही लागते, आणि मग खिडकीच्या चौकटीपासून आतल्या जिन्याच्या कठड्यापर्यंत प्रत्येक बदलाचा खुलासा द्यावा लागतो.

वटवाघळांचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. इथे सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्या वस्तीची जागा रिकामी असली तरीही. संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायची पाहणी मे ते सप्टेंबरमध्येच होते. ऑक्टोबरात टॉवर घेतलात की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. गव्हाणी घुबड अंडी घालून बसलं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत काम बंद.

मग इमारत. तपासायला गेलो की मी पहिल्यांदा सज्जाखाली उभा राहतो. लहान हातोडीने खालून स्लॅब ठोकत गेलं की चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आणि मध्येच आवाज पोकळ होतो. तिथे आतली सळई गंजून फुगलेली असते. थोडं खरवडलं की तळव्याएवढा पापुद्रा हातात येतो आणि मागे तांबूस भुकटी झालेलं लोखंड दिसतं. मुंबईच्या जुन्या सोसायट्यांचे सज्जे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवीन नाही. इथे समुद्राच्या खाऱ्या हवेऐवजी ऐंशी वर्षांचा पाऊस आणि हिवाळ्यातलं गोठणं-वितळणं कारणीभूत. या इमारती युद्धापुरत्या, घाईत बांधलेल्या; सळईवर काँक्रीटचं आवरण बऱ्याचदा पुरेसं नसतं. दुरुस्ती होते: सैल भाग काढा, सळई साफ करा, गरज तिथे नवी जोडा, दुरुस्तीचं मॉर्टर भरा. खर्चिक आहे, पण त्यात अवघड काही नाही.

गच्चीचंही तसंच. डांबराचा जुना थर फाटलेला, पाणी जायची तोंडं पानांनी बुजलेली. गच्चीला इन्सुलेशन स्लॅबच्या वरून घालावं असं माझं मत. स्लॅब उबदार राहतो, आत वाफेचं पाणी होत नाही. फक्त त्याने गच्चीची कड जाड होते आणि टॉवरची ती पातळ, सरळ रेघ बिघडते, म्हणून थर कडेपासून थोडा आत ठेवावा लागतो.

सगळ्यात जास्त वाद खिडक्यांवरून होतात, आणि माझ्या मते तिथेच टॉवर टिकतो किंवा जातो. मूळ खिडक्या बारीक लोखंडी चौकटींच्या, एकेरी काचेच्या. हिवाळ्यात आत स्वयंपाक, आंघोळी, माणसांचा श्वास. ती वाफ थंड लोखंडाला लागून पाणी होते आणि चौकटीवरून ओघळते. बिल्डर लगेच सांगतो, ‘काढा सगळ्या, प्लास्टिकच्या बसवा.’ बसवल्या की समोर राहतो एक बेढब चौकोनी डबा. मी दोनच उपाय सुचवतो: जुन्या चौकटी दुरुस्त करून आतून दुसरी काच, किंवा नव्या, पण तेवढ्याच बारीक पोलादी चौकटी. दोन्ही महाग. पण ज्याला हे पैसे जड जातात त्याने टॉवर घेऊच नये, सरळ एखादं कौलारू कॉटेज बघावं.

भिंती भरीव विटांच्या, आत पोकळी नाही. आतून इन्सुलेशन लावावं लागतं, आणि तिथे फोमचे बोर्ड चिकटवून मोकळं होण्याचा मोह टाळा. बाहेरचा सिमेंटचा गिलावा तडकलेला असेल तर पाणी आत शिरतं आणि दोन्हीकडून कोंडलं की ओल जात नाही. आधी गिलावा नीट करा, भिंत सुकू द्या, मग लाकडी तंतूंचे बोर्ड आणि चुन्याचा गिलावा असं काहीतरी, ज्यातून वाफ बाहेर जाऊ शकेल. पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची पाहणी तोडफोड सुरू करायच्या आधी.

जमिनीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. शत्रू उतरलाच तर धावपट्टी उडवता यावी म्हणून काही विमानतळांखाली स्फोटकं भरलेले लांब पाइप पुरले होते. दक्षिण किनाऱ्यावरच्या ली-ऑन-सोलेंटला 2006 मध्ये असे वीस पाइप सापडले आणि आसपासची घरं रिकामी करावी लागली. स्कॉटलंडमध्ये डॅलगेटी बे इथे विमानांच्या डायलवरच्या चकाकणाऱ्या रंगातलं रेडियम किनाऱ्यावर सापडलं ते 1990 मध्ये. सफाई संपायला 2023 उजाडलं. तुमच्या टॉवरखाली असलं काही असेलच असं नाही. पण सेप्टिक टँकसाठी खणण्याआधी जागेचा इतिहास तपासणारा अहवाल घ्या.

पैशांबाबत एक चांगली बातमी. बिगर-निवासी इमारतीचं घर करताना ठेकेदाराच्या बिलावर 20 ऐवजी 5 टक्के व्हॅट लागतो, आणि स्वतःसाठी करत असाल तर तोही परत मागता येतो. काम संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणून पावत्या पहिल्या दिवसापासून फायलीत. कर्जाची बातमी तितकी चांगली नाही: नेहमीच्या बँका असल्या इमारतीला हात लावत नाहीत, लहान बिल्डिंग सोसायट्यांकडे, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्थांकडे, जावं लागतं.

बोली लावण्याआधी नॉरफोकमध्ये नॉर्थ क्रीकला एक रात्र राहून या. शत्रूच्या रडारला गोंधळात पाडणारी स्टर्लिंग आणि हॅलिफॅक्स विमानं जिथून उडायची, त्या विमानतळाचा टॉवर आता बी अँड बी (मुक्काम आणि न्याहारी देणारं छोटं हॉटेल) आहे, त्याच काळाच्या सजावटीसह. सकाळी उठून खिडकीच्या चौकटींना हात लावून बघा.

आणि लिलावाचा लीगल पॅक, म्हणजे मालमत्तेच्या कायदेशीर कागदांचा संच, आजच डाउनलोड करून घ्या. युद्धानंतर जमीन शेतकऱ्यांकडे परत गेली, त्यामुळे टॉवरपर्यंतचा जुना पेरिमीटर ट्रॅक (विमानतळाभोवतीचा रस्ता) बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या मालकीचा असतो. त्यावरून गाडीने जायचा हक्क, आणि त्याखालून पाण्याची व विजेची लाइन टाकायचा हक्क, दोन्ही स्पष्ट लिहिलेले हवेत. पुढे घर झालं तर नफ्यातला वाटा जुन्या मालकाला द्यायची अटही त्यातच कुठेतरी असू शकते. इथे हातोडा पडला की करार झाला: दहा टक्के तिथल्या तिथे, बाकी बहुधा 28 दिवसांत. त्या पॅकमध्ये रस्त्याचा हक्क सापडला नाही तर बोली लावू नका.